मेंदूतला रक्तप्रवाह आणि नीलांचा निचरा : पहिलं मॉडेल उभं करताना

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून इंजिनिअरिंगला किंवा एमएस्सीला येणाऱ्या मुलांना मेंदूच्या रक्तप्रवाहावर प्रोजेक्ट करायचा म्हटलं की त्यांची पहिली उडी धमनीवर पडते. फुगलेली धमनी, तिचं थ्रीडी चित्र, भिंतीवरच्या ताणाचे लाल-निळे रंग. नीला मात्र ‘आउटलेट, दाब शून्य’ एवढ्या एका ओळीत उरकली जाते. हा लेख त्या एका ओळीसाठी लिहितो आहे. मेंदूत किती रक्त येतं हे ते बाहेर कसं पडतं यावरही ठरतं, आणि कवटीतला दाब का चढतो हे नीलांशिवाय समजतच नाही.

हा विषय मला जवळचा वाटतो त्याला एक कारण आहे. मेंदूच्या नीलांमध्ये रक्त गोठण्याचा आजार आपल्या देशात बाळंतिणींमध्ये ठळकपणे दिसतो, आणि अंगातलं पाणी कमी होणं हे त्यामागचं एक कारण. बाळंतिणीला पाणी बेतानंच द्यायचं ही रीत अजून कित्येक घरांत आहे. बाळंतपणानंतर डोकेदुखी थांबत नसेल, उलट्या होत असतील, अंधारी येत असेल किंवा झटका आला, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यावं. मॉडेलची वाट कुणी पाहायची नसते. पण रक्त गोठल्यावर कवटीत नेमकं काय घडतं हे समजून घ्यायचं असेल, तर मॉडेलसारखं साधन नाही.

आधी प्रश्न लिहा, मग लॅपटॉप उघडा

‘मेंदूच्या रक्तप्रवाहाचं मॉडेल’ हा प्रश्न नव्हे, तो फक्त विषय झाला. ‘सायनसमधला दाब १० मिमी पाऱ्यानं वाढला तर कवटीतला दाब कितीनं आणि किती वेळात वाढेल?’ हा प्रश्न झाला. (सायनस म्हणजे इथे नाकाजवळची पोकळी नव्हे, तर मेंदूतून परतणारं रक्त गोळा करणाऱ्या कवटीतल्या मोठ्या वाटा.) ‘आडवा माणूस उभा राहिला की मानेतल्या कुठल्या वाटेनं रक्त उतरतं?’ हाही प्रश्न झाला. दोन्हींना थ्रीडी लागत नाही. समीकरणांच्या मूठभर ओळी पुरतात. थ्रीडी तेव्हाच घ्यावं, जेव्हा उत्तर आकारात दडलेलं असेल, म्हणजे अरुंद जागेतला झोत, भोवरे, भिंतीवरचं घर्षण. पहिल्या सहामाहीत त्याच्या वाटेला जाऊ नका असंच मी सांगेन.

वाटा ओळखा

वहीच्या एका पानावर हाताने नकाशा काढा. मानेतून वर जाणाऱ्या चार धमन्या: पुढच्या दोन इंटर्नल कॅरोटिड, मागच्या दोन व्हर्टिब्रल. एकूण रक्ताचा साधारण तीन चतुर्थांश वाटा कॅरोटिडचा. कवटीच्या तळाशी त्यांना जोडणारं कडं म्हणजे सर्कल ऑफ विलिस. थॉमस विलिस यांनी १६६४ साली त्याचं वर्णन केलं. पुस्तकात ते पूर्ण दाखवतात, पण पुष्कळ निरोगी माणसांत त्याचा एखादा दुवा बारीक असतो किंवा नसतोच.

आता परतीची वाट. मेंदूच्या पृष्ठभागावरच्या नीला वर चढून सुपिरिअर सॅजिटल सायनसमध्ये रिकाम्या होतात. खोल भागातलं रक्त गॅलनच्या नीलेतून स्ट्रेट सायनसमध्ये येतं. दोन्ही प्रवाह डोक्याच्या मागे एकत्र येतात, तिथून उजव्या-डाव्या ट्रान्सव्हर्स सायनसमध्ये वाटले जातात, पुढे सिग्मॉइड आणि मग मानेतली इंटर्नल जुग्युलर व्हेन. उजवी बाजू बहुधा मोठी असते, डावी कधी कधी दोऱ्यासारखी. हा फरक जन्मजात असू शकतो, म्हणून बारीक डावी बाजू दिसली की लगेच तिला आजार म्हणू नये.

सगळ्यात महत्त्वाचा फरक भिंतीचा. सायनस हे ड्यूराच्या, म्हणजे मेंदूवरच्या जाड आवरणाच्या, घड्यांमध्ये ताणून धरलेले असतात, ते सहजी मिटत नाहीत. त्यांच्याकडे येणाऱ्या नीला मात्र पातळ, आणि त्यांच्याभोवती सीएसएफ, म्हणजे मेंदूभोवतीचं पाण्यासारखं द्रव. बाहेरचा दाब आतल्या दाबापेक्षा वाढला की त्या चेपतात. उसाला पाणी द्यायला अंथरतात तो चपटा पाइप मोटर बंद झाली की जमिनीला चिकटतो, तसंच. नीलांच्या मॉडेलची सगळी गंमत आणि सगळी अडचण या चेपण्यात आहे.

आकडे आणि एककं

एककं एकदाच ठरवून घ्या: दाब मिमी पारा, आकारमान मिलिलिटर, वेळ सेकंद. १ मिमी पारा म्हणजे १३३.३ पास्कल. सगळे दाब वातावरणाच्या तुलनेत. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांवर आहे म्हणून काही वजा करायची गरज नाही, कारण बाहेरची हवा आत-बाहेर दोन्हीकडे सारखीच दाबते.

निरोगी, आडव्या, मोठ्या माणसासाठी सुरुवातीचे आकडे असे धरा. मेंदूत दर मिनिटाला सुमारे ७५० मिलि रक्त, म्हणजे सेकंदाला १२.५. धमनीतला सरासरी दाब ९०. कवटीतला दाब, ज्याला डॉक्टर आयसीपी म्हणतात, १०. सायनसमध्ये ६. सीएसएफ तयार होण्याचा वेग मिनिटाला ०.३५ मिलि, म्हणजे दिवसाला अर्धा लिटर. रक्ताची घनता घनमीटरला १०६० किलो.

पहिलं मॉडेल: कागदावर, तीन रोध

रक्ताची वाट तीन तुकड्यांत तोडा. पहिला धमन्यांपासून केशवाहिन्यांपर्यंत, दुसरा केशवाहिन्यांपासून मोठ्या नीलांपर्यंत, तिसरा नीलेचा शेवटचा, चेपणारा तुकडा. केशवाहिन्यांत दाब २५ आणि चेपण्याच्या जागेच्या अलीकडे १४ धरू. रोध म्हणजे दाबातला फरक भागिले प्रवाह. पहिला रोध (९० − २५) ÷ १२.५, म्हणजे ५.२. दुसरा (२५ − १४) ÷ १२.५, म्हणजे ०.८८.

तिसऱ्यापाशी नवखे अडखळतात. साहजिकच १४ मधून सायनसचे ६ वजा करावेसे वाटतात. पण नीलेभोवती १० चा दाब आहे आणि पुढे सायनसमध्ये फक्त ६. नीला शेवटच्या टोकाशी अर्धवट मिटते आणि प्रवाहाला खालचे ६ दिसतच नाहीत, दिसतात ते बाहेरचे १०. म्हणून नियम असा: आयसीपी आणि सायनसचा दाब यांतला जो मोठा, तो वजा करायचा. तिसरा रोध (१४ − १०) ÷ १२.५, म्हणजे ०.३२. या रचनेला स्टार्लिंग रेझिस्टर म्हणतात.

तिन्हींची बेरीज ६.४. पडताळून पाहा: (९० − १०) ÷ ६.४ = १२.५. आयसीयूमध्ये मेंदूचा पर्फ्युजन दाब, म्हणजे मेंदूतून रक्त ढकलणारा दाब, काढताना धमनीच्या दाबातून आयसीपी का वजा करतात, सायनसचा दाब का नाही, याचं उत्तर या भागाकारात आहे. ते पाठ करण्याऐवजी एकदा हाताने काढा.

आता सायनसचा दाब ६ वरून २ करा आणि आयसीपी १० वरच ठेवा. प्रवाह तसूभरही बदलत नाही. तुमच्या कोडमध्ये बदलत असेल, तर मोठा दाब निवडण्याची ओळ तपासा.

टेबलावर करून पाहा

हे कागदावर पटत नाही असं म्हणणाऱ्यांसाठी एक प्रयोग. सर्जिकल दुकानात पेनरोज ड्रेन नावाची पातळ रबरी नळी मिळते. पारदर्शक ॲक्रिलिकची लांबट पेटी करून घ्या. दोन्ही टोकांना भोकं पाडून त्यांत नोझल बसवायची. ती बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागात कुठल्याही टर्नरकडून काढून मिळतात, फक्त कडा गोल करायला सांगा, नाहीतर नळी फाटते. नळी दोन नोझलांमध्ये हलकीशी ताणून बांधा. पेटी पाण्याने भरा आणि वरच्या झाकणातून एक उभा पाइप काढा. त्या पाइपातली पाण्याची उंची म्हणजे नळीबाहेरचा दाब. १० मिमी पारा म्हणजे १३.६ सेंटिमीटर पाणी. सगळ्या उंच्या नळीच्या मध्यरेषेपासून मोजायच्या. गवंडी वापरतात तो लेव्हलचा पारदर्शक पाइप आणि नीळ घातलेलं पाणी असलं की दाब मोजायला वेगळं यंत्र लागत नाही.

वरच्या टाकीची पातळी सत्तावीस-अठ्ठावीस सेंटिमीटरवर कायम ठेवा. टाकीला ओव्हरफ्लो हवाच, नाहीतर पातळी उतरत जाते आणि मोजमाप फुकट जातं. मग बाहेर पडणाऱ्या पाइपाचं तोंड हळूहळू खाली आणत जा आणि मापाच्या भांड्यात पाणी धरून मोबाइलच्या स्टॉपवॉचवर प्रवाह मोजा. सुरुवातीला तोंड खाली नेलं की प्रवाह वाढतो. तोंड पेटीतल्या दाबाच्या खाली गेलं की नळी खालच्या टोकाशी चेपते, फडफडू लागते, आणि तोंड आणखी हातभर खाली नेलं तरी प्रवाह तेवढाच राहतो. बोट पेटीवर ठेवलं तर फडफड हाताला लागते. हा आलेख आधी स्वतः काढून मग कोड लिहिलेला विद्यार्थी तिसऱ्या रोधापाशी अडखळत नाही.

सीएसएफ जोडा

कवटी बंद आहे. मेंदू, रक्त आणि सीएसएफ यांच्या आकारमानाची बेरीज जवळजवळ कायम. अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये मांडलेला हा विचार आजही प्रत्येक मॉडेलच्या बुडाशी आहे.

सीएसएफ तयार होतो आणि मुख्यतः सायनसकडे शोषला जातो, असं साधं मॉडेल धरा. शोषणाचा रोध सुमारे ११ (मिमी पारा दर मिलि/मिनिट). मग स्थिर अवस्थेत आयसीपी = सायनसचा दाब + ०.३५ × ११, म्हणजे ६ + ३.८५, साधारण १०. वर गृहीत धरलेला आकडा इथे आपोआप जुळून आला. मॉडेलचे तुकडे एकमेकांशी असे बोलू लागले की पुढे जावं, तोवर नाही.

आता गोठलेल्या सायनसचा प्रयोग. सायनसचा दाब ६ वरून एकदम १६ करा. आयसीपी अजून १० च आहे, म्हणून मोठा दाब १६: प्रवाह (९० − १६) ÷ ६.४, म्हणजे सेकंदाला ११.५६, मिनिटाला ६९४ मिलि. सीएसएफचं शोषण तत्काळ थांबतं, कारण उलटा प्रवाह होत नाही. कोडमध्ये शोषण शून्याखाली जाऊ देऊ नका. तयार होणं मात्र चालूच. आयसीपी चढत चढत २० च्या जवळ स्थिरावतो आणि प्रवाह (९० − २०) ÷ ६.४, म्हणजे १०.९४, मिनिटाला ६५६ मिलि. धमनी जशीच्या तशी असताना, फक्त परतीची वाट अडल्याने, शंभर मिलिलिटरच्या आसपास रक्त कमी झालं.

किती वेळात? त्यासाठी कॉम्प्लायन्स हवा, म्हणजे दाब १ ने वाढायला किती मिलि लागतात. कवटीत तो कायम नसतो, आयसीपी जितका जास्त तितका तो कमी. साधं सूत्र: १ ÷ (०.०९२ × आयसीपी). १० वर सुमारे १.१ मिलि, २० वर त्याच्या निम्मा. हे घातलं की मॉडेल सांगतं, १० वरून १६ ला पोचायला पंधराएक मिनिटं आणि १९ ला जायला आणखी दहाएक. हा काळ सोप्या मॉडेलचा. नीलांचा स्वतःचा फुगण्याचा गुण घातलात की त्या फुगून आयसीपी काही अंशी लगेच चढतो. खऱ्या रुग्णात गुठळी दिवसागणिक वाढते आणि बाजूच्या वाटाही उघडतात, म्हणून ही मिनिटं रुग्णाला लावू नका.

मेंदू गप्प बसत नाही, हेही घालायला हवं. दाब उतरला की बारीक धमन्या रुंद होतात. वरच्या उदाहरणात प्रवाह पुन्हा १२.५ वर आणायचा तर पहिला रोध ५.२ वरून ४.४ वर यावा लागेल. पहिल्या मॉडेलमध्ये हा बदल १० ते २० सेकंदांच्या विलंबाने होतो असं धरा आणि रोधाला खालची-वरची मर्यादा घाला. मर्यादा नसेल तर मॉडेलमधला मेंदू कुठल्याही संकटातून वाचतो, आणि ते खरं नसतं. धमनीतल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब १ मिमीने बदलला की प्रवाह ३ ते ४ टक्के बदलतो, ते नंतर घाला.

कोड

पायथॉन आणि सायपाय पुरेसं आहे, ऑक्टेव्हही चालेल. दोन्ही फुकट. एक काळजी घ्या: हृदयाचा ठोका सेकंदाच्या आतला आणि सीएसएफचा खेळ मिनिटांचा, म्हणून ही समीकरणं ‘स्टिफ’ असतात, म्हणजे वेगवान आणि संथ बदल एकत्र असल्याने सोडवायला जड. साधी रुंगे-कुट्टा पद्धत रांगत बसते. सायपायच्या सॉल्व्ह-आयव्हीपी या फंक्शनमध्ये बीडीएफ किंवा राडाउ ही पद्धत निवडा. प्रश्न मिनिटांचा असेल तर ठोका घालूच नका, सरासरी दाब द्या.

माणूस उभा राहिला की

मेंदू हृदयापेक्षा २५ सेंटिमीटर वर धरला तर रक्ताच्या स्तंभाचा दाब १०६० × ९.८१ × ०.२५, म्हणजे २६०० पास्कल, साडेएकोणीस मिमी पारा. दंडावर ९० असेल तर डोक्याशी ७०. म्हणून रुग्णालयातला आकडा घेताना ट्रान्सड्युसर (दाब मोजणारा सेन्सर) हृदयाच्या पातळीवर होता की कानाच्या, हे विचारल्याशिवाय तो वापरू नका. मॉडेल आणि मोजमाप जुळत नाही तेव्हा मी सर्वांत आधी तिथेच बघतो.

नीलांमध्ये तर चित्रच पालटतं. आडव्या स्थितीत बहुतेक रक्त जुग्युलरमधून उतरतं. उभं राहिल्यावर मानेतला दाब वातावरणाच्या आसपास येतो आणि जुग्युलर चेपते. मणक्याच्या हाडांच्या आडोशाला असलेलं नीलांचं जाळं चेपत नाही, ते काम उचलतं. २००० साली डॉप्लरवर (ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजणाऱ्या तपासणीवर) केलेल्या एका अभ्यासात जुग्युलरचा प्रवाह आडव्या स्थितीत मिनिटाला सरासरी ७०० मिलि होता, तो ताठ बसल्यावर ७० वर आला. म्हणून मॉडेलमध्ये मानेत दोन समांतर वाटा हव्यात: एक चेपणारी, एक न चेपणारी. एकच वाट ठेवून ‘उभा माणूस’ म्हणणं मला मान्य नाही.

स्कॅन आणि परवानगी

इथवर आल्यावर स्कॅनकडे वळा. उघडपणे उपलब्ध असलेल्या आयएक्सआय संग्रहात निरोगी माणसांचे धमन्यांचे एमआर अँजिओही (एमआरआयवर काढलेली रक्तवाहिन्यांची चित्रं) आहेत. थ्रीडी स्लायसर या सॉफ्टवेअरमध्ये उघडून नळ्या वेगळ्या करायला शिका, मग रक्तप्रवाहाच्या सिम्युलेशनचं सिमव्हॅस्क्युलर. त्रिज्या मोजताना हात जपून ठेवा. रोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो: त्रिज्या १० टक्के कमी मोजली तर रोध जवळजवळ ५२ टक्के जास्त येतो. अर्ध्या मिलिमीटरच्या पिक्सेलवर तीन मिलिमीटरची धमनी मोजताना एवढी चूक सहज होते. खानापूर-जांबोटीकडे पावसात लाईट जाते, तेव्हा लांबलचक रन मधूनमधून सेव्ह होईल अशी सोय आधीच करून ठेवा.

बेळगावात जेएनएमसी, बिम्स यांसारखी मोठी वैद्यकीय महाविद्यालयं आणि व्हीटीयूशी (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाशी) जोडलेली इंजिनिअरिंग कॉलेजं काही किलोमीटरांच्या अंतरात आहेत. त्याचा फायदा घ्या, पण रीतसर. गाइडमार्फत रेडिओलॉजीच्या प्राध्यापकांना भेटा, एका पानावर प्रश्न लिहून न्या, संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी घ्या. नात्यातल्या कुणाची सीडी मिळाली म्हणून ती मॉडेलमध्ये घालू नका. स्कॅनच्या डायकॉम फाइलीत नाव, वय, तारीख आतच लिहिलेली असते, ती काढून टाकल्याशिवाय फाइल पेनड्राइव्हवरसुद्धा घेऊ नये.

विश्वास कधी ठेवायचा

आत आलेलं आणि बाहेर गेलेलं रक्त एका ठोक्याच्या सरासरीत जुळलं पाहिजे. प्रत्येक आकडा आळीपाळीने १० टक्के हलवून पाहा आणि उत्तर कोणत्या आकड्यावर सर्वाधिक हलतं ते नोंदवा. डॉप्लरचा आकडा हा वेग असतो, प्रवाह नव्हे. धमनीचा व्यास बदलला तर वेग वाढूनही प्रवाह घटू शकतो.

आणि नीलांच्या चित्रावरून आजाराचा निष्कर्ष काढू नका. २००९ मध्ये इटलीतल्या पाओलो झांबोनी यांनी मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या आजाराचा संबंध मानेतल्या अरुंद नीलांशी जोडला. जगभर कित्येक रुग्णांनी नीला फुगवून घेतल्या. पुढे नीट आखलेल्या चाचण्यांत त्या उपचाराचा फायदा दिसला नाही. नीलांचे आकार निरोगी माणसांतच इतके वेगवेगळे असतात की अरुंद दिसणं आणि अडणं या दोन गोष्टी दाब मोजल्याशिवाय एक धरता येत नाहीत. तुमच्या अहवालात दाब कुठे मोजला आणि कुठे गृहीत धरला, याचा तक्ता पहिल्याच पानावर द्या. न्यूरोसर्जन तो आधी वाचतात.

पुढच्या सहामाहीसाठी प्रश्न हवा असेल तर हा घ्या: उजवा ट्रान्सव्हर्स सायनस पूर्ण बंद केला आणि डावा जन्मतःच बारीक असेल, तर आयसीपी किती चढेल, आणि डावा किती मिलिमीटरचा असला तर तो सावरेल? त्याला वरची सगळी समीकरणं लागतील, थ्रीडीचं एकही नाही.